बाळंतिणीचं पाणी

आमच्या भागात बाळंतिणीला पाणी देत नसत. आताच्या पोरींना हे सांगितलं की त्यांना वाटतं मी तिखटमीठ लावून सांगते. "म्हणजे कमी देत असतील, आजी," म्हणतात. कमी नाही गं बायांनो, देतच नसत. सकाळ-संध्याकाळ ओव्याचा न् सुंठीचा काढा, तो वाटीभर, तोही कढत. जेवताना भाकरीवर तूप, लसूण, वाळलं खोबरं. फारच तोंड सुकलं तर विड्याचं पान चघळायला. पाणी पोटात गेलं की बाळंतिणीचं अंग सुजतं, आणि त्याचा गारवा दुधातून लेकराच्या छातीत उतरतो, असं सगळ्या धरून चालत. मीही धरून होते. दिवस उजाडतो ते कुणी आपल्याला पटवून देतं का? तसंच हे होतं.

मी सासरी आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव भालकीकडचं. शेतीचं घर. घरात सासू-सासरे, थोरले दीर-जाऊ आणि आम्ही दोघं. सासूला मी आत्याबाई म्हणायचे, सासऱ्यांना अप्पा, आणि जावेला अक्का. अक्का पार खालच्या, दक्षिणेच्या अंगाची, अफझलपूरकडच्या करजगीची. तिच्या मराठीत कानडीची ओढ होती, त्यावरनं आम्ही तिची थट्टा करायचो, आणि ती आमच्या बोलण्याची करायची.

अक्काचं पहिलं लेकरू माहेरी झालं आणि महिन्याच्या आतच गेलं. मी तेव्हा नवी नवी नांदायला आले होते. करजगीहून निरोप आला त्या दिवशी आत्याबाई चुलीपुढं बसून म्हणाल्या, "तिच्या मायनं पाणी पाजलं असंल. लेकीची लई माया तिला. त्या मायेनंच लेकरू खाल्लं." झालं. चार दिवसांत 'असंल' गेलं आणि नुसतं 'पाजलं' राहिलं. आत्याबाई विहीणबाईंच्या तोंडावरही तसंच बोलल्या, त्या अक्काला पोचवायला आल्या तेव्हा. त्या बिचाऱ्या खाली मान घालून ऐकत बसल्या आणि दुसऱ्या दिवशी परत गेल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या वारल्या. मीसुद्धा आडावर पाणी शेंदताना ही गोष्ट बायांना सांगितली. नव्या सुनेला बोलायला काहीतरी पाहिजे असतं, आणि अशी गोष्ट सांगितली की सगळ्या बादल्या खाली ठेवून ऐकतात.

आई नाही म्हटल्यावर अक्काचं दुसरं बाळंतपण आमच्याच घरी करायचं ठरलं. ते आलं ऐन वैशाखात. आमच्याकडचा वैशाख ज्यानं काढलाय त्याला सांगायला नको. तांबड्या दगडाच्या भिंती दिवसभर तापायच्या आणि तिन्हीसांजेला ती ऊब घरात सोडायच्या. अक्काला मुलगी झाली. बाळंतिणीची खोली म्हणजे मधलं अंधारं दालन, दाराला घोंगडं लावलेलं, बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा न् बाळंतशोपा टाकून धूर. अक्काच्या कानाला फडकं बांधलेलं. बाहेर आम्ही सावलीला बसून पदरानं वारा घेत होतो, आणि आत ती शेकत होती.

त्या खोलीचं काम आत्याबाईंनी माझ्यावर सोपवलं. निखारे भरायचे, ताट न्यायचं, लेकराचे लंगोट धुवायचे. म्हणाल्या, "हे लेकरू आता तुझ्या न् माझ्या हातात हाय. पहिल्यावानी होऊ देऊ नको." मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं म्हणून सांगू. आत्याबाई मला वाईट वागवत नसत. उलट माझ्या डोक्याला तेल घालायच्या, सायीची वाटी अण्णांच्या आधी मला द्यायच्या. अण्णा म्हणजे थोरले दीर. अशा बाईनं विश्वास टाकला, तो कसा मोडायचा?

पण त्या खोलीला लागूनच आमचा पाण्याचा रांजण होता. मी आडावरनं घागर आणून रांजणात रिकामी करायची, रोजच्यासारखी. एक दिवस आतून अक्काचा आवाज आला, अगदी बारीक.

"हळू ओत गं."

मला वाटलं लेकरू झोपलंय. ताट घेऊन आत गेले तेव्हा म्हटलं, "उठलं का गं लेकरू? म्या जोरात ओतले का?"

"लेकरू उठंना का. मला ऐकू येतंय ते पाणी. दिवसभर तेवढंच ऐकतीय मी."

तिचे ओठ फुटले होते. जीभ बोलताना टाळूला चिकटत होती, शब्द अर्धवट निघत होते. मी ताट ठेवलं आणि बाहेर पळाले. त्या दिवसापासून मी रांजणाच्या काठाला घागर टेकवून, धार भिंतीवरनं घसरवून, आवाज न करता पाणी ओतायला लागले. तोंडात पाणी घालायचं सोडून त्याचा आवाज कमी करत होते. आता मनात येतं तेव्हा माझी मला लाज वाटते. पण तेव्हा मला वाटत होतं की मी फार दया करायलेय.

दोन-चार दिवसांनी दुपारी घरात कुणी नव्हतं. अप्पा न् अण्णा बाजाराला गेले होते, आत्याबाई शेजारी कुरडया करू लागायला. मी काढ्याचं भांडं घेऊन आत गेले. अक्का म्हणाली, "तुझा पदर भिजवून दे तेवढा. ओठाला लावते." मी भिजवून दिला. तिनं ओठाला लावला आणि मग लेकरू पदर चोखतं तसा चोखायला लागली. माझ्याच्यानं बघवेना. काढा मोरीत ओतला, भांडं धुतलं, आणि रांजणातलं पाणी भरून आणलं.

तिनं दोन्ही हातांनी भांडं धरलं आणि एका दमात रिकामं केलं. मग तोंड पुसून म्हणाली, "तुरुंगात बी लोटाभर पाणी देतेत म्हणं. लेकरू करण्यापरीस चोरी केले असते तर बरं झालं असतं." आणि हसली. बाळंत झाल्यापासून पहिल्यांदा हसली.

मी हसले नाही. मी लेकराकडं बघत होते. ते शिंकतंय का, खोकतंय का. ते आपलं मूठ तोंडात घालून निवांत होतं. तरी मला वाटलं, पाणी अजून दुधापर्यंत पोचायचंय.

मग ते रोजचंच झालं. रोज दुपारी काढा मोरीत आणि पाणी अक्काच्या पोटात. रोज मी ठरवायची, आज शेवटचं. आत्याबाई संध्याकाळी विचारायच्या, "काढा पेयली का?" मी म्हणायची, "व्हय, पेयली." आणि त्या माझ्या पाठीवर हात ठेवायच्या. तो हात मला निखाऱ्यासारखा वाटायचा. जेवायला बसले की घास खाली उतरायचा नाही. आत्याबाई म्हणायच्या, "कामून खाईनास गं? तुला बी दिवस गेले का काय?" आणि खुश व्हायच्या. त्यांच्या त्या खुश होण्यानं मी आणखीच मेल्यासारखी व्हायची.

आणि मग लेकरू आजारी पडलं.

सकाळी नाक वाजायला लागलं, दुपारपर्यंत पोट वरखाली व्हायला लागलं. आमच्याकडं त्याला डबा म्हणतात. बरगड्या दिसायच्या श्वास घेताना. सुईणीला बोलावलं. म्हातारी होती, अंगानं वाळलेली, तोंडानं ओली. तिनं लेकराच्या छातीला कान लावला आणि अक्काला विचारलं, "सर्दी उतरलीय. पाणी पेयलीस का गं?"

अक्कानं तोंड भिंतीकडं केलं. मी दारात निखाऱ्याची घमेली धरून उभी. माझे हात भाजत होते तरी खाली ठेवायचं सुचेना.  तेवढ्यात आत्याबाई बाजेच्या पायाशी मटकन बसल्या आणि म्हणाल्या,

"म्या दिलं."

 आत्याबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "सकाळी तेल लावताना. लई कळवळायली होती. वाटीभर देती रोज. मला वाटलं वाटीभरानं काय व्हतंय."

माझ्या हातातली घमेली खाली पडली. निखारे जमिनीवर पसरले. मी म्हटलं, "आत्याबाई, म्या बी दिलं. दुपारी. काढ्याच्या भांड्यातनं."

 मग सुईण म्हणाली, "आता राहिलं कोण? म्या बी दिले असते की, पर मला कुणी मागितलंच न्हाई."

आत्याबाईंनी तिच्याकडं लक्षच दिलं नाही. त्या अक्कावरच उलटल्या. "दोघींकडनं पेयलीस, आन् एकीला बी सांगितली न्हाईस?"

अक्का भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली, "सांगितले असते तर दोघी बी बंद केल्या असत्याव."

आता हे आठवलं की हसू येतं. त्या वेळी हसू कुठलं.  आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. निखारे स्वतः उलथण्यानं गोळा केले, आणि उठताना म्हणाल्या, "आता एक थेंब न्हाई. माझ्या हातून न्हाई, तुझ्या हातून न्हाई." मग देवापुढं जाऊन बसल्या आणि लेकरू वाचलं तर गाणगापूरला पायी येईन असं दत्ताला बोलल्या.

अप्पांनी भालकीहून हकिमाला आणलं. त्यानं मधातलं चाटण दिलं, घोंगडं थोडं वर करायला सांगितलं, आणि गेला. पाण्याचं त्यानं काही विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

पाणी बंद झालं. आणि इथं मला नीट सांगितलं पाहिजे, कारण लोकांना वाटतं की माणसाला एकदा कळलं की कळलं. अक्काला तहान लागते हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. पाणी प्यायल्यावर तिचा चेहरा कसा उजळतो ते बघितलं होतं. तरी लेकरू आजारी पडलं त्या क्षणी मी सगळं विसरून पुन्हा आत्याबाईंच्या बाजूला जाऊन उभी राहिले. मनात एकच: मी मारायलेय ह्या लेकराला.  घागर पुन्हा हळू ओतायला लागले. आणि अक्कानं पाणी मागायचं सोडूनच दिलं. मागितलं असतं तर मी नाही तरी म्हटलं असतं. न मागता ती नुसती डोळे मिटून पडून राहायची. लेकरू अंगावर घ्यायची, ते ओढायचं, सोडायचं, आणि रडायचं. दूध आटत चाललं होतं. आत्याबाई म्हणायच्या, दुखण्यानं पीत नाही. मी मान हलवायची.

त्याच दिवसांत आमची म्हैस व्याली. सकाळचीच वेळ होती, गोठ्यात गडबड. रेडकू पुसून झालं, आणि आत्याबाईंनी मोठ्या हंड्यात पाणी तापत टाकलं. त्यात गूळ घातला, पीठ घातलं, हातानं ढवळलं. म्हैस व्याली की पहिल्यांदा तिला हेच. दर वेळचं. मी लहानपणापासून आईच्या घरीही हेच बघत आलेले.

अप्पा ओसरीवरनं म्हणाले, "किती सरपण जाळायलीस? सगळा हंडा म्हशीलाच का?"

आत्याबाई चुलीपुढनं कडाडल्या, "व्यायलीय ती! पाणी न्हाई पेयली तर दूध कुठनं यील? तुमच्या मावशीच्या घरनं?"

आणि बोलता बोलता थांबल्या. हात हंड्यात तसाच. मी हंड्याच्या दुसऱ्या बाजूला होते, उचलू लागायला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. मी खाली बघितलं, कारण मला भीती वाटली की माझ्या तोंडावर काही दिसेल आणि त्यांना वाटेल मी त्यांना बोलायलेय.

"बघायलीस काय? धर," त्या म्हणाल्या.

आम्ही हंडा गोठ्यात नेला. म्हशीनं तोंड घातलं ते तळ लागेपर्यंत काढलं नाही. केवढा तो आवाज! गोठा आणि बाळंतिणीची खोली ह्यांच्या मधे एकच भिंत. आत्याबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या, आणि मला ठाऊक होतं की त्या भिंतीकडं कान देऊन आहेत.

त्या घरात आल्या, चुलीवर दुसरं पाणी ठेवलं, चांगलं उकळू दिलं, निववलं. तांब्या भरला. आणि लपवला नाही. ओसरीवरनं, अप्पांच्या पुढनं, तांब्या हातात धरून गेल्या. अप्पांनी विचारलं, "काय नेलीस?"

"पाणी."

 बायकांच्या खोलीतलं अप्पांना काय कळणार, आणि कळलं तरी ते कशाला बोलतील.

मी मागं गेले. आत्याबाईंनी तांब्या अक्काच्या तोंडाशी धरला. आणि अक्कानं हातानं तो बाजूला सारला.

"नको."

"पी गं. म्या देतीय."

"नको मला. उद्या लेकराचं बरंवाईट झालं तर परत माझ्या मायला बोलतीव तुमी."

"तिचा काय संबंध आता?"

अक्का उठून बसली. तिला बसवत नव्हतं, तरी बसली. डोळे कोरडे होते, रडायलाही पाणी नसावं अंगात. म्हणाली, "माझी माय पाणी दिली नव्हती. पहिल्या टायमाला. मी पाया पडले तिच्या, रडले, ती दिली न्हाई. दाराबाहेर बसून ती बी रडली, पर दिली न्हाई. सासरचे नावं ठेवतील म्हणली. लेकरू तसंच गेलं. आन् तुमी तिला म्हणलाव, तूच पाणी पाजून मारलीस."

आत्याबाईंचा तांब्या धरलेला हात खाली आला. "मग कामून बोलली न्हाईस तू? तवाच?"

"कुणाला बोलू? तुमी इच्चारलाव कवा? तुमी सांगितलाव."

ह्यावर आत्याबाई जमिनीवर बसल्या. मी दाराला टेकून उभी. मला वाटत होतं आत्याबाई आता रडतील नाहीतर ओरडतील.  त्यांनी तांब्या पुन्हा उचलला आणि म्हणाल्या, "पी. जे व्हायचं ते माझ्यावर." आवाज इतका खाली की मला ओठांवरनं कळलं.

अक्का प्यायली.

लेकरू वाचलं. महिनाभर घरघर राहिली, मग गेली. तीच पोर पुढं शाळेत गेली आणि पाटीवर गिरवता गिरवता तिनंच मला अक्षरं शिकवली, म्हणून तर आज हे लिहितेय. पण पाण्यानं वाचलं असं मी म्हणणार नाही. चाटणानं वाचलं असेल, घोंगडं वर केल्यानं वारा लागून वाचलं असेल, आपल्याआपण वाचलं असेल. पाण्यानं वाचलं म्हटलं की मी पुन्हा तेच करते, एक झालं आणि त्यामागनं दुसरं झालं म्हणजे पहिल्यानंच दुसरं केलं. असंच म्हणून तर आम्ही एका बाईला मारलं. जीवानं नसेल, पण खाली मान घालून ती आमच्या घरातनं गेली ती कायमची.

आत्याबाई पायी गाणगापूरला गेल्या, नवस फेडायला. मला बरोबर नेलं नाही. वाटेत करजगीला वळल्या का, अक्काच्या बापाला भेटल्या का, हे मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात मात्र त्यानंतर कुठल्याही बाळंतिणीला उकळलेलं पाणी मिळालं. मलाही मिळालं. घराबाहेर त्या गप्प राहिल्या. शेजारणी बाळंतिणीचे नियम सांगायला लागल्या की आत्याबाई सुपातलं निवडत राहायच्या, वर बघायच्या नाहीत.

मी एकदा आडावर खरं सांगून बघितलं. म्हटलं, अक्काच्या आईनं पाणी दिलंच नव्हतं, ते आमचं चुकलं. एकजण म्हणाली, "तूच तर सांगितली व्हतीस." दुसरी म्हणाली, "सासू शिकवली असंल, आता जावा-जावा एक झाल्या." आणि बादल्या पुन्हा आडात गेल्या. पहिली गोष्ट सांगितली होती तेव्हा सगळ्या थांबल्या होत्या. ही ऐकायला कुणी थांबलं नाही. मग मीही सोडून दिलं.

पुढं बऱ्याच वर्षांनी, रझाकारांची गडबड सुरू व्हायच्या थोडं आधी, मी गाणगापूरला गेले होते, मालकांबरोबर. पुजाऱ्याच्या घरी उतरलो. दुपारची जेवणं झाल्यावर ओसरीत बायका बसल्या होत्या, कुठल्या कुठल्या गावच्या, सोलापूरकडच्याही होत्या. एक आई आपल्या गरवार लेकीला घेऊन आली होती. पहिलटकरीण. लेक लहानखुरी, पोट तेवढं पुढं आलेलं. कुणीतरी बाळंतपणाचा विषय काढला, आणि ती आई म्हणाली, "म्या तर हिला आताच सांगून ठेवलंय, पाणी मागायचं न्हाई. आमच्या इकडं करजगीची एक बाई होती म्हणं. लेकीच्या मायेपायी काशाच्या तांब्यानं रोज पाणी पाजायची, चोरून, पदराखाली धरून. लेकरू महिन्यात गेलं."

बायका च् च् करायला लागल्या. माझे कान गरम झाले.

काशाचा तांब्या मी घातला होता त्या गोष्टीत. आडावर सांगताना. विहीणबाईंकडं काशाचा तांब्या होता का नव्हता, मी कधी त्यांच्या घरी गेलेच नव्हते. पदराखाली धरून, हेही माझंच. सांगताना हात पदराखाली नेऊन दाखवला होता मी, आणि बाया हसल्या होत्या. ती गोष्ट इतका मुलूख तुडवून, त्याच बाईच्या गावापाशी येऊन बसली होती, आणि आता एका पोरीचं पाणी बंद करायला निघाली होती.

मी म्हटलं, "ती बाई पाणी दिली नव्हती."

"तुमी व्हताव का तिथं?"

"न्हाई. पर तिची लेक माझी जाऊ. अन् तो तांब्या म्याच घातलाय, बाई. म्याच सांगितली ही गोष्ट पहिल्यांदा. खोटी हाय."

 ती आई शेजारणीकडं बघून हळूच म्हणाली, "करजगीत काय एकच बाई हाय का? ती दुसरी असंल." आणि बायका हसल्या, मला राग येऊ नये म्हणून थोडं मायेनंच हसल्या, आणि बोलणं नवसाकडं वळलं.

संध्याकाळी मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. ती लेक आली, उगाच पाय धुतल्यासारखं केलं. आई दिसत नाही बघून म्हणाली, "मावशी, मग म्या पाणी मागू का?"

तुम्हाला वाटेल मी लगेच हो म्हटलं असेल. ते म्हटलं गेलं नाही. इतकी वर्षं झाली होती, माझी स्वतःची लेकरं पाणी पिऊन वाढवलेली, तरी त्या क्षणी पहिल्यांदा डोळ्यापुढं आलं ते अक्काच्या पोरीचं वरखाली होणारं पोट. मनात आलं, हिचं लेकरू गेलं तर? लोक म्हणतील, गाणगापूरला एक बाई भेटली होती, तिनं सांगितलं पाणी पी. आणि ही गोष्ट तरी खोटी नसेल.

हातातलं भांडं खाली ठेवून म्हटलं, "माग. उकळून, कोमट करून दे म्हणावं. आई न्हाई म्हणली तर सुईणीला माग, नणंदेला माग. माग तू."

ती मान हलवून गेली. ती दारापर्यंत पोचायच्या आत मला तिला परत बोलवावंसं वाटत होतं.

तिनं आपल्या गावाचं नाव सांगितलं होतं. आमच्या गावचा एक माणूस दरसाल त्या बाजूच्या जत्रेला जायचा, त्याला विचारायला सांगता आलं असतं. त्या वर्षी तो निघाला तेव्हा मी त्याची भाकरी बांधून दिली, वाटेला लावून आले, आणि काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. तिनं पाणी मागितलं का, तिला कुणी दिलं का, लेकरू काय झालं, मला आजपर्यंत ठाऊक नाही. मी भ्याले.